पांढऱ्या भुकटीवरचा राखाडी ठिपका

काचेच्या चंचुपात्रात पाणी आहे, थोडं मिथेनॉल आहे आणि पांढरीशुभ्र भुकटी ढवळली जाते आहे. टायटॅनियम डायऑक्साइड, आपल्या भिंतीच्या रंगात असतो तोच. आता प्लॅटिनमच्या क्षाराचे चार थेंब पडले. अतिनील दिवा लागला. नीट बघा, दुधासारखं मिश्रण राखाडी होत चाललंय. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन प्लॅटिनमच्या आयनांनी उचलले आणि भुकटीच्या कणाकणावर धातूचे ठिपके बसले, काही नॅनोमीटरचे. थोड्याच वेळात बुडबुडे येऊ लागतात. हायड्रोजन!

1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी प्रकाशात पाणी फोडून दाखवलं, तेव्हा प्लॅटिनमची पट्टी वेगळी होती, तारेने जोडलेली. इथे तार नाही. इलेक्ट्रॉन सुटला की मागे रिकामी जागा उरते आणि दोघं पुन्हा एकत्र आले की सगळी मेहनत उष्णता होऊन जाते. तसं होण्याआधी धातूचा ठिपका इलेक्ट्रॉनला आपल्याकडे ओढून घेतो.

पण या पात्रात त्या रिकाम्या जागा भरायला मिथेनॉल खर्ची पडतंय. नुसत्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही काढायचे, तर तोच प्लॅटिनम घात करतो. त्याच्यावर दोन्ही वायू भेटतात आणि पुन्हा पाणी होतं!

जपानी रसायनशास्त्रज्ञ काझुनारी डोमेन यांच्या गटाने यावर काढलेली तोड मला फार सुंदर वाटते. प्लॅटिनमऐवजी रोडियम या धातूचा कण आणि त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर. आतला हायड्रोजन बाहेर येतो, बाहेरचा ऑक्सिजन आत जात नाही. खाली स्ट्राँशियम टायटनेटचा स्फटिक, किंचित ॲल्युमिनियम मिसळलेला. त्याच्या काही बाजूंकडे इलेक्ट्रॉन जातात, काहींकडे रिकाम्या जागा. त्यामुळे हायड्रोजन काढणारं रोडियम कुठे बसवायचं आणि ऑक्सिजन काढणारं कोबाल्ट कुठे, हे कुणाला ठरवावं लागलं नाही. प्रकाशानेच ज्याला त्याला आपापल्या जागी बसवलं. 2020 मध्ये अतिनील प्रकाशात याची क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी कामी आलेल्यांचं प्रमाण, 96 टक्क्यांपर्यंत पोचली.

मग हीच भुकटी 100 चौरस मीटरच्या पॅनेलांवर पसरून जपानच्या उन्हात ठेवली. सौरऊर्जेतला जास्तीत जास्त 0.76 टक्के भाग हायड्रोजनमध्ये उतरला. भुकटी पांढरी आहे ना, म्हणजे दृश्य प्रकाश ती परतच पाठवते. उन्हात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के. म्हणून आता प्रयोगशाळांतल्या चंचुपात्रांत पिवळ्या, लाल भुकट्या ढवळल्या जात आहेत. धातूचा ठिपका त्यांच्यावरही बसवायचाच आहे.