लाटण्यावर ठेवलेला पूल

नमस्कार श्रोतेहो, राम राम मंडळी. भुसावळहून बऱ्हाणपूरकडे जाणारी गाडी तापीवर आली ना की आवाजच बदलतो बघा, इतका वेळ चाललेला खडखडाट एकदम पोकळ होतो, धडाड् धडाड्, आणि डब्यातल्या म्हाताऱ्या बाया तापीमायला हात जोडतात, कोणी रुपया टाकतं. आमचे मामा रेल्वेच्या ब्रिज गँगमध्ये होते, ते म्हणायचे अरे भो, निम्मे रुपये गर्डरला, म्हणजे पुलाच्या आडव्या लोखंडी तुळईला आपटतात, तापीपर्यंत जातातच कुठं!

तर आज लोखंडी पुलांच्या गोष्टी.

आता बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि पोलाद यातला फरक आधी सांगतो, कारण सगळी गंमत तिथंच आहे. घरात बिडाचा तवा असतो ना, त्यावर कितीही वजन ठेवा, ढिम्म हलत नाही, पण हातातून फरशीवर पडला की सरळ तुकडा. बीड दाबलं तर दमदार, ताणलं किंवा हिसका बसला की न सांगता तुटतं. पोलाद मात्र ताणही सोसतं. पुलाच्या गर्डरचं कसं असतं, वरून गाडी गेली की वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. त्यामुळे खालची बाजू बिडाची असली तर देवच वाली. इंग्लंडात चेस्टरजवळ डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सनने बिडाचे गर्डर टाकले होते, तेही घडीव लोखंडाच्या पट्ट्यांनी आवळून, आणि १८४७ च्या मे महिन्यात गाडी जाताना गर्डर तुटला, पाच माणसं गेली. हाच स्टीफन्सन पुढं आपल्या जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनीअर झाला बरं का, आणि १८५३ ची मुंबई-ठाणे लाईन टाकणारे चीफ इंजिनीअर जेम्स बर्कले हे त्याच्याच हाताखाली तयार झालेले. ती लाईन कसारा घाट चढून खान्देशात आली, भुसावळला तिला फाटा फुटला, एक नागपूरकडे आणि दुसरी तापी ओलांडून खंडव्यावरून जबलपूरला, आणि १८७० मध्ये तिथं कलकत्त्याकडून आलेल्या रुळांना जोडली गेली. म्हणजे मुंबई-कलकत्ता प्रवास आपल्या तापीच्या डोक्यावरूनच सुरू झाला म्हणा ना.

पण डीचा धडा सगळ्यांनी घेतला असं नाही. स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या खाडीवर थॉमस बाउच नावाच्या इंजिनीअरने लांबलचक पूल बांधला, बिडाच्या खांबांवर, १८७९ मध्ये त्याला त्याबद्दल सर ही पदवीसुद्धा मिळाली, आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरच्या रात्री वादळात मधला उंच भाग अख्ख्या गाडीसकट पाण्यात. पंचाहत्तरच्या आसपास माणसं होती, एकही वाचलं नाही. चौकशीत काय निघालं, तर वाऱ्याचा जोर हिशोबातच धरला नव्हता, आणि ओतकामातली भोकं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांचं मिश्रण भरून बुजवलेली! वरून रंग दिला की झालं. आपल्याकडं जुन्या गाडीच्या पत्र्याला पुट्टी लावून विकतात, तसंच की हे. बाउच बिचारा (बिचारा म्हणावं का, मला अजून ठरवता येत नाही) वर्षभराच्या आतच वारला. फोर्थच्या खाडीवरचा पूलही तोच बांधणार होता, ते काम काढून घेतलं आणि फाउलर नि बेकर या दोघांना दिलं, त्यांनी १८९० पर्यंत पोलादाचा असा दांडगा पूल उभा केला की त्यावरून आजही गाड्या जातात.

बरं, पोलाद आलं म्हणजे चिंता मिटली का, तर नाही, आता उन्हाचं बघा. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लोखंड तर त्याहून तापतं, आणि तापलं की वाढतं. साठ मीटरचा गर्डर घ्या, हिवाळ्यातली पहाट आणि मे मधली दुपार यात चाळीस अंशांचा फरक धरला तर तो जवळपास तीन सेंटीमीटर लांब होतो, म्हणजे दोन बोटं. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर तो खांबाला ढकलणार नाहीतर स्वतः वाकणार. म्हणून मोठ्या गर्डरचं एक टोक पक्कं आणि दुसरं टोक लोखंडी रोलरवर, अगदी पोळपाटावरच्या लाटण्यासारखं. दुपारी पुढं सरकायचं, रात्री मागं यायचं. इतका मोठा पूल रोज सरकतोय आणि आपण वरून वडापाव खात चाललोय!

आणि हे सगळं जोडून कशानं धरलेलं, तर रिवेटनं. खिळा भट्टीत लालबुंद करायचा, चिमट्यानं भोकात घालायचा, एकानं मागून दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं पुढून ठोकून डोकं बनवायचं, गार होताना तो आवळतो आणि पत्रे एकमेकांना गच्च धरतो. फोर्थवर असे लाखो आहेत. ते ठोकणाऱ्यांची नावं कोणी पाटीवर कोरली नाहीत, पाटीवर फक्त कंपनीचं नाव आणि साल.

मामांचं काम हे रिवेट तपासायचं. एका बाजूला बोट टेकवायचं, दुसऱ्या बाजूनं छोटी हातोडी मारायची, घट्ट असला तर खणखणीत वाजतो, ढिला असला तर भदकन आणि बोटाला थरथर लागते. पावसाळ्याच्या आधी रोलरपाशी साठलेली माती, पाखरांची घरटी काढायची, कारण ते अडकलं की लाटणं फिरत नाही. त्या मातीत मामांना लोकांनी टाकलेले रुपये सापडायचे. खिशात घालायचे नाहीत ते. काम संपलं की खांबाच्या कडेला उभं राहून एकेक करून तापीत सोडायचे, आणि म्हणायचे, घे माय, उशिरानं आले पण आले.