पी ५२ : एका पानाचा उरलेला कोपरा

मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात जपलेला पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा, हा तुकडा उंचीला साधारण ९ आणि रुंदीला ६ सेंटिमीटर आहे. तळहातावर ठेवला, तर बोटे मोकळीच राहतील. अभ्यासक त्याला ‘पी ५२’ म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंवर ग्रीक मजकुराच्या प्रत्येकी सात ओळी अर्धवट उरल्या आहेत. बायबलमधल्या योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात रोमन सुभेदार पिलात येशूची चौकशी करतो, त्या प्रसंगातल्या या ओळी आहेत.

पुढच्या बाजूला ३१ ते ३३ ही वचने आहेत आणि मागच्या बाजूला ३७ व ३८. एकच मजकूर पान उलटून पुढे चालू राहतो, यावरून हा गुंडाळीचा नव्हे, तर पानापानांच्या पुस्तकाचा अवशेष ठरतो. मधल्या हरवलेल्या मजकुराचा हिशेब मांडला, तर मूळ पानावर सुमारे १८ ओळी असाव्यात. आपल्या हाती आला आहे तो त्या पानाचा शिवणीकडचा वरचा कोपरा.

लिहिणाऱ्याचे अक्षर सुवाच्य आहे, पण शुद्धलेखन कानाने ऐकलेले. ‘आम्हांला’ या अर्थाच्या शब्दात त्याने एक स्वरचिन्ह जास्तीचे घातले आहे आणि ‘आत गेला’ या अर्थाच्या क्रियापदातून तेच चिन्ह गाळले आहे, कारण त्या काळच्या बोलण्यात दोन्ही लेखनांचा उच्चार एकच होता. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचे जे होते, तेच हे.

मागच्या बाजूची चौथी ओळ जरा थांबून पाहावी. तिच्या शेवटी ‘त्याला म्हणतो’ हे शब्द स्पष्ट दिसतात आणि पाचवीच्या शेवटी ‘आणि हे’ एवढेच. या दोहोंच्या मध्ये पिलाताचा प्रसिद्ध प्रश्न होता, ‘सत्य काय आहे?’ नेमका तोच फाटून गेला आहे.

पपायरसांचे अभ्यासक बर्नार्ड ग्रेनफेल यांनी १९२० मध्ये इजिप्तमध्ये इतर पपायरसांबरोबर हा तुकडा विकत घेतला. पुढे १९३४ मध्ये न छापलेले तुकडे चाळताना कॉलिन रॉबर्ट्स या अभ्यासकांना त्यातला मजकूर ओळखू आला आणि १९३५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. अक्षरवळणावरून त्यांनी त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध ठरवला. हे शुभवर्तमान त्याच शतकाच्या उत्तरार्धात लिहिले गेले, असे एकोणिसाव्या शतकातले काही जर्मन पंडित मानत असल्याने या निष्कर्षाचा मोठा गाजावाजा झाला आणि ‘इसवी सन १२५’ हा आकडा रूढ होऊन बसला.

तो आकडा जरा जास्तच नेमका आहे. २००५ मध्ये ब्रेंट नाँगब्री या अभ्यासकांनी दाखवून दिले, की अशी अक्षरे दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या आणि तिसऱ्या शतकातल्या कागदपत्रांतही सापडतात. शिवाय तरुणपणी गिरवलेले वळण लेखनिक म्हातारपणापर्यंत चालवतो, आणि त्याच्या हाताखाली शिकलेला त्याच्यानंतरही.