पदराआडची चोळी

नमस्कार, श्रोतेहो. बायकांच्या आतल्या कपड्यांविषयी चारचौघांत बोलायचं नाही, अशी आपली रीत. दोरीवरसुद्धा ते पंचाखाली वाळत घालायचे! आज मी बोलणार आहे चोळीविषयी.

चोळी कुठे आतला कपडा, असं कुणी म्हणेल. पण नऊवारीच्या काळात आतलं-वरचं अशी वाटणीच नव्हती. कासोटा घातला की परकराची गरज नसे, आणि चोळीच्या आतही काही नसे. अंगाला आधार द्यायचं कामही तिचंच. म्हणून ती तंग बेतायची. खणाचे लहान-मोठे तुकडे छातीशी खोलगट येतील असे जोडायचे, पाठ पुरती झाकायची. हूक नाहीत, गुंड्या नाहीत. पुढच्या दोन टोकांची गच्च गाठ. घरच्या घरी, हातशिलाईनं हे बेतणाऱ्या बायकांना भूमिती कुणी शिकवली होती? कापड मात्र लांबून येई. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे फार नावाजलेला.

पदराआड राहणाऱ्या या कपड्याला मान मोठा. मराठेशाहीत राजघराण्यातल्या स्त्रियांना चोळीबांगडीच्या खर्चासाठी गावं लावून दिलेली असत. सवाष्णीची ओटी खणानारळानं भरतात ती त्याच मानापोटी.

आणि हाच मान हिरावूनही घेतला जाई. ब्राह्मण घरांत नवरा गेला की केशवपन व्हायचं, अंगावर आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, यायचं आणि चोळी सुटायची. थंडीवाऱ्यातही नुसता पदर ओढून बसायचं. नाशिकच्या जुन्या वाड्यांनीही हे पाहिलंय. चोळीचं कौतुक सांगताना हे गाळणं मला बरं वाटत नाही.

मग गोल साडी आली, तिच्याबरोबर परकर आला. रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनीदेवी टागोर 1860च्या दशकात मुंबईला राहिल्या. तिथल्या पारशी बायकांचं साडी नेसणं त्यांनी उचललं आणि परकर-पोलक्यासकट बंगालात नेलं. आपल्याकडे पाचवारी रुळली तशी चोळीची कामं वाटली गेली: आधार आतल्या ब्राकडे, शोभा ब्लाउजकडे. गाठीची चोळी राहिली ती म्हाताऱ्या आजींच्या अंगावर.

देवीची मात्र सुटलेली नाही. आपल्या वणीच्या सप्तशृंगीची अठरा हातांची, सुमारे आठ फुटांची मूर्ती. तिला साडी लागते अकरा वार आणि चोळीला तीन खण. आपल्या ओटीतला खण मात्र शिवला जात नाही. तो या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतो, निम्म्या वेळा तर घडीही मोडत नाही. हल्ली खणाच्या साड्या, कुर्ते, पर्सा निघाल्यात. मला त्या आवडतात, पण खणाची चोळी बेतून देईल असा शिंपी शोधायला निघालात, तर पायपीट होईल. त्यापेक्षा घरातल्या ट्रंकेत एखादी जुनी चोळी सापडली, तर तिची शिवण उसवून तुकडे कागदावर उतरवून ठेवा. नवी बेतायला तेवढं पुरतं.