काँक्रीटमधलं पाणी गोठतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

नागपूरकरांना बर्फाच्या गोष्टी सांगणं म्हणजे जरा आगाऊपणाच. आपला पारा मे महिन्यात सत्तेचाळीसपर्यंत चढतो. २०१८च्या डिसेंबरमध्ये तो साडेतीनवर आला, तेवढ्यानेच आपण गारठलो. तरीही थोडं लडाखकडे बघू या.

काँक्रीट दिसायला ठोस, पण आत केसाहून बारीक छिद्रं असतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवली की काय होतं, हे घरोघरी ठाऊक आहे. ही छिद्रं पाण्याने जवळजवळ भरलेली असली, की बर्फाला फुगायला जागा उरत नाही. मग दाब येतो काँक्रीटवर, आणि ताण सोसणं हे त्याचं कामच नव्हे. बारीक चिरा पडतात. दुपारी बर्फ वितळला की त्या चिरांत आणखी पाणी मुरतं, रात्री पुन्हा गोठतं. असे काही हिवाळे गेले की वरचे पापुद्रे सुटतात, गिट्टी उघडी पडते. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलं, तर हे आणखी लवकर होतं.

यावरचा उपाय मोठा गमतीचा आहे: काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा भरायची! अमेरिकेत १९३०च्या दशकात हे ध्यानात आलं. विशिष्ट रसायन घातलं की मालात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुगणाऱ्या बर्फाने रेटलेलं पाणी त्यांत शिरतं. २० मिलिमीटर गिट्टी असेल, तर आपलं भारतीय मानक ५ टक्क्यांच्या आसपास हवा सुचवतं. त्यापायी मजबुती थोडी घटते. तेवढं सोसावं लागतं.

आता आपल्याकडे या. सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरतं. बाकीचं आपण माल पसरावा म्हणून घालतो, आणि ते उडून गेलं की मागे छिद्रंच उरतात. भर उन्हात स्लॅब टाकताना मिस्त्री ओरडतो, “माल घट्ट झाला, पाणी सोड रे!” पाइप मिक्सरमध्ये जातो आणि पोरगा मोकळ्या हाताने पाणी सोडतो. त्या छिद्रांतून इथे बर्फ नाही, पावसाचं पाणी आणि हवा सळईपर्यंत पोचते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून काही वर्षांनी छताचे पोपडे खाली येतात. तिकडे बर्फ फुगतो, इकडे गंज.

तेव्हा माल घट्ट वाटला तर पाण्याऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, वापरायला सांगा, तेही ठरलेल्या प्रमाणात. शक्यतो ओतकाम पहाटे उरका. आणि माल कडक झाला, की स्लॅब लवकर सुकू नये म्हणून त्यावर बांध घालून पाणी तुंबवा, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात निदान १० दिवस.