चालती डिझेल गाडी बंद पडली, आता स्टार्ट होत नाही: आधी सेल्फ मारणं थांबवा

(बॉनेट उघडं. स्कॅनर फेंडरवर ठेवलेला.)

नमस्कार भाऊ, नमस्कार ताई. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे आणि गॅरेजच्या फोनवर रोज एकच तक्रार: "गाडी चालता चालता बंद पडली, आता स्टार्टच नाही होऊन राहिली." मी विचारतो, कशी बंद पडली? तर म्हणतात, "बस, पडली बंद." आणि मागून आवाज येतच असतो. कोणीतरी सेल्फ मारतंय, घर्र घर्र घर्र.

थांबा ना बाप्पा! दोन-तीन वेळा सेल्फ मारून जी गाडी सुरू झाली नाही, ती दहाव्या वेळी कशी होईल? तोवर बॅटरी उतरते, सेल्फ तापतो, आणि मग मिस्त्रीला कळत नाही की गाडी बॅटरीमुळे सुरू होत नाही की जुन्याच कारणामुळे. आज सगळी मेहनत कानाची आणि डोळ्याची आहे, पान्याची गरज शेवटी लागेल.

एक गोष्ट आधी. गाडी रस्त्यात बंद पडली की पॉवर स्टीअरिंग जड होतं, आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतंच व्हॅक्यूम उरतं. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे आपल्या नागपूरच्या वर्धा रोडवर वगैरे अडकलात तर १०३३ लावा.

आता मुद्दा. गाडी कशी बंद पडली, यातच अर्धं निदान आहे.

चावी फिरवल्यासारखी एका क्षणात बंद? कसला झटका नाही, खोकला नाही? तर संशय वायरिंगकडे जातो. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा), मेन रिले, फ्यूज, सैल अर्थिंग. आचके देत, पिकअप सोडत, धापा टाकत बंद पडली? मग डिझेल पोचत नाहीये. फिल्टर चोक, लाइनमध्ये एअर, टाकीत पाणी, पंप कमजोर. आणि "खट्" किंवा "धाड" असा आवाज होऊन बंद पडली असेल तर चावीला हातच लावू नका.

पाण्यातून जाताना बंद पडली तर तेच. नरेंद्रनगरच्या पुलाखाली दर पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा तर घरासमोर उभ्या गाड्याही बुडाल्या. एअर फिल्टरमधून पाणी सिलेंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येतो आणि पाणी काही दबत नाही. मग वाकते ती कनेक्टिंग रॉड. गाडी टोचन करून आणा. वरून सेल्फ मारून नुकसान वाढवलं तर साध्या विम्यात इन्शुरन्सवाले सहसा हात वर करतात.

वरचं काही झालं नसेल तर आता एकदाच चावी फिरवा. पाच-सात सेकंद, जास्त नाही. आणि ऐका.

नुसतं "टक"? बॅटरी, टर्मिनल किंवा सेल्फ. मीटर लावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना १० च्या खूप खाली जायला नको. सेल्फ हळू फिरत असला तर डिझेल इंजिन सुरू होणारच नाही. याला स्पार्क प्लग नाही. हवा सोळा-अठरा पट दाबून इतकी गरम करायची की डिझेल आपोआप पेटेल. फिरण्यात वेग नसेल तर ती गर्मी तयारच होत नाही.

सेल्फ नेहमीपेक्षा भरभर, मोकळा फिरतोय, दम लागतच नाहीये? हा आवाज सगळ्यात वाईट. टायमिंग गेलं असू शकतं, म्हणजे पिस्टन आणि वॉल्वचा मेळ राखणारा बेल्ट किंवा चेन. डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट असतो, डिझायरच्या १.३ ला चेन. बेल्ट तुटलेला असताना इंजिन फिरवलं की पिस्टन वॉल्ववर आदळतात. अशा गाडीला धक्का मारायला चार पोट्टे बोलावले की हेडचं काम पक्कं.

सेल्फ नेहमीसारखा फिरतोय पण गाडी पकडत नाही? मग मजा येते. बहुतेक फोन याच प्रकारातले.

डॅशबोर्ड बघा. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून बघा. मग आरपीएमचा काटा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना तो थोडा तरी हलतो. अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही, मग तो डिझेल फवारणारं नोझल कशाला उघडेल?

मग सायलेन्सर. एकाने सेल्फ मारावा, एकाने मागे उभं राहावं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाहीये. धूरच नसेल तर डिझेल येतच नाहीये. फुकटातली टेस्ट, पण गॅरेजमध्ये कोणी करत नाही, सगळे थेट स्कॅनर काढतात.

आणि हो, हीटर प्लग, गार इंजिन सुरू करताना सिलेंडर आतून तापवणारे. मे महिन्यात, ४५ डिग्रीत, गरम इंजिन सुरू होत नाही म्हणून कोणी चार हीटर प्लग बदलायला सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि गाडी परत घ्या. एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारणाऱ्यांपासूनही लांब राहा. हीटर प्लग तापलेले असतील तर तो आतच भडकतो.

(कॅमेरा इंजिनवर.)

आता ही गाडी. चार सिलेंडर, कॉमन रेल, म्हणजे पंप एकाच जाड नळीत, रेलमध्ये, प्रेशर भरतो आणि तिथून चारही नोझलला डिझेल जातं. वर्धा रोडने बुटीबोरीहून येत होती, हायवेवर एकदम मस्त. छत्रपती चौकाच्या सिग्नलला उभी राहिली आणि आयडलवर, म्हणजे पिकअप न देता इंजिन नुसतं चालू असताना, थरथरत बंद. अर्ध्या तासाने सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. मालकाला एका ठिकाणी सांगितलं की हाय प्रेशर पंप गेला, बदलावा लागेल. पंपाची किंमत ऐकून ते इकडे आले.

गरम असताना बंद, गार झाल्यावर सुरू. यात नेहमीचे दोन गुन्हेगार. एक क्रँक सेन्सर, तो तापला की सिग्नल सोडतो. दुसरा, डिझेलचं प्रेशर कुठूनतरी गळतंय. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकून गाडी सुरू करतात ते याचसाठी. डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त गळतं.

गाडी आत्ता गरमच आहे. सेल्फ मारतो.

(स्कॅनरचा क्लोजअप.)

आरपीएम २४०. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, तो सुटला. रेल प्रेशर बघा, ११० बार. या इंजिनला सुरू व्हायला २५० च्या आसपास तरी लागतं. तेवढं होईपर्यंत कॉम्प्युटर नोझलला हुकूमच देत नाही. कोडही तेच सांगतोय, पी ००८७, रेलमध्ये प्रेशर कमी.

इथेच पंपाचं बिल फाडलं जातं. पण प्रेशर कमी आहे याचा अर्थ पंप बनवत नाही, की बनवलेलं कोणी खातंय? आधी मागची बाजू बघू. फिल्टरपर्यंत डिझेल भरपूर येतंय, पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे एअर नाही. फिल्टरचं डिझेल बाटलीत काढून ठेवलं होतं, तळाला पाणी बसलेलं नाही.

आता रिटर्न टेस्ट. चारही नोझलच्या रिटर्न नळ्या, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या, काढल्या, चार सारख्या बाटल्या टांगल्या. सेल्फ मारताना चांगलं नोझल रिटर्नला जवळपास काहीच सोडत नाही. मारतो.

पहिली कोरडी. दुसरी दोन थेंब. चौथी कोरडी. आणि तिसरी बघा, धार लागली आहे! सगळं प्रेशर इथून परत टाकीकडे चाललंय. हायवेवर पंप जोरात फिरतो, गळतीवर मात करतो. सिग्नलला आयडलवर पंप मंदावतो आणि गळती जिंकते. सेल्फवर तर तो आणखी मंद.

खात्री करून घेऊ. इंजिन बंद आहे, प्रेशर उतरू दिलं, आता रेलवर तिसऱ्या नोझलच्या लाइनला टोपी लावून बंद करतो. हे घरी करू नका. चालत्या इंजिनची हाय प्रेशर लाइन सैल केली तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते, आणि ती जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी बोट जाऊ शकतं.

सेल्फ मारतो. २९० बार... आणि पकडली. तीन सिलेंडरवर फडफडतेय, पण चालतेय. पंप ठीक आहे.

तिसरं नोझल बदलणार. खाली नवा तांब्याचा वॉशर, जुना परत नाही घालायचा. नव्या नोझलवर छापलेला कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये टाकायचा, नाहीतर गाडी सुरू होईल पण आयडलला ठोके देईल. बाकीच्या तीन बाटल्यांची मापं मालकाला दाखवून ठेवतो. दुसऱ्या नोझलने दोन थेंब सोडलेत, ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघावं लागेल.

आणि काम झालं की गाडी लगेच देणार नाही. गार गाडी आधीही सुरू होतच होती. दुपारी दोनला बाहेर काढू, चांगली तापवू, एसी लावून आयडलवर उभी ठेवू, बंद करून दहा मिनिटांनी परत चावी फिरवू. सुरू झाली की मगच मालकाला फोन.