सह्याद्रीत हाडं का सापडत नाहीत?

नमस्कार मंडळी. आज हाडांबद्दल बोलूया, म्हणजे दगड होऊन गेलेल्या जुन्या हाडांबद्दल, आणि सुरुवात आपल्या घरापासूनच करूया. तुम्ही कोकणकड्यावरून खाली वाकून बघितलं असेल, नाहीतर घाटात गाडी थांबवून भजी खाताना समोरचा कडा बघितला असेल, तर त्यात भाकऱ्यांच्या चळतीसारखे आडवे थर दिसतात ना, ते सगळे लाव्हाचे, काळा बसाल्ट नुसता. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेला. त्या बसाल्टमध्ये सस्तन प्राण्याचं हाड शोधायला गेलात तर जन्म जाईल, मिळायचं काही नाही.

मग तेव्हा इथे प्राणीच नव्हते की काय? होते की! फक्त त्यांची नोंद राहायला जागा नव्हती. हाड टिकायचं तर ते पटकन गाळात गाडलं जावं लागतं, आणि लाव्हात गाडलं गेलं तर जळूनच जातं, काय उरणार.

पण लाव्हा काही सलग ओतत नव्हता. एक थर आला, थंड झाला, मग मध्ये बराच काळ शांतता, त्यात खोलगट जागी पाणी साठायचं, तळी व्हायची, तळाशी चिखल बसायचा आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्यावर झाकण घालायचा. हे मधले चिखलाचे थर म्हणजे खरा खजिना. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते, हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच, त्यांनी १८५० च्या दशकात टाकळीजवळ असल्याच थरातून शिंपले, बिया, किडे असलं बरंच गोळा केलं होतं. सस्तन प्राणी मात्र मिळायला जवळपास सव्वाशे वर्षं लागली. तेलंगणात नसकल म्हणून गाव आहे, तिथल्या थरातून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी या जीवाश्म-संशोधकांनी १९८८ मध्ये एका उंदराएवढ्या प्राण्याचे दात जगापुढे आणले आणि त्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. म्हणजे आपल्या दख्खनचंही नाव लागलं आणि नागपूरच्या हिस्लॉपसाहेबांचंही, मला हे फार आवडतं.

आता दात म्हणजे केवढा, तर एक-दोन मिलीमीटर. तो काय हातोडी मारून मिळतो होय? पोत्यांनी माती आणायची, सुकवायची, रॉकेलमध्ये भिजवायची, मग पाण्यात टाकली की ती फुटते, बारीक जाळीच्या चाळणीतून धुवायची, आणि जे चिमूटभर उरेल ते मायक्रोस्कोपखाली दाणा दाणा करून बघायचं. कित्येक पोती धुऊन हाती काहीच नाही असंही होतं, त्यामुळे हे काम चिवट माणसाचंच.

त्या काळात भारत आशियाला चिकटलेला नव्हता बरं का. साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटून आपला तुकडा उत्तरेकडे निघालेला, आणि जमिनीच्या मानाने स्पीड पण भन्नाट, एका टप्प्यात वर्षाला १५ सेंटीमीटरच्या वर. त्या तुकड्यावर जुने गोंडवनातले, म्हणजे दक्षिणेकडचे खंड एकत्र होते त्या महाखंडातले, प्राणीही होते. भारतथेरियम नावाचा एक, कर्नाटकात गोकाकला त्याचे दात मिळालेत, त्याचे भाऊबंद मादागास्करला आणि पार दक्षिण अमेरिकेत सापडतात. पुढे सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, खाणीत साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे प्राणी मिळाले, वटवाघळं, माकडांचे लांबचे पूर्वज, घोडा-गेंडा या खानदानाच्या मुळाशी बसणारा कॅम्बेथेरियम, आणि गंमत म्हणजे यातल्या काहींचे जवळचे नातेवाईक थेट युरोपात. म्हणजे तोवर भारताचं उत्तरेशी येणं-जाणं सुरू झालेलं, हे आपल्याला दातांनी सांगितलं.

मग आशियाशी टक्कर झाली आणि मधला समुद्र आटत गेला. त्या उथळ समुद्राच्या काठाला देवमाशाचे पूर्वज पाण्यात उतरत होते, म्हणूनच तर कच्छमध्ये देवमाशांची जुनी हाडं मिळतात आणि सिमल्याकडच्या डोंगरात देवमाशाचा जबडा मिळतो. जम्मूतल्या कालाकोटचे दगड तर रंगा राव या भूवैज्ञानिकांनी गोळा करून ठेवलेले, ते गेल्यावर घरीच पडून होते, पुढे ते हान्स थेविसन या संशोधकाकडे गेले आणि साफ करताना एक कवटी चुकून फुटली. आत कानाचं हाड दिसलं, जाडजूड, अगदी देवमाशासारखं! प्राणी मात्र खुरांचा, मांजराएवढा, इंडोहायस. २००७ मध्ये हे छापून आलं. सुदैवानेच फुटली म्हणायची ती कवटी.

आता हिमालय. तो वर येत गेला, नद्या त्याला खरवडत गेल्या आणि सगळा गाळ पायथ्याशी येऊन पडला, काही किलोमीटर जाडीचा, त्यालाच आपण शिवालिक म्हणतो. १८३० च्या दशकात फाल्कनर आणि कॉटली या दोघा ब्रिटिशांनी तिथून शिवाथेरियम काढला, जिराफाच्या घराण्यातला, चांगलाच धिप्पाड. त्या गाळात साधारण १.८ कोटी वर्षांपासूनची गोष्ट जवळजवळ सलग वाचता येते, आणि त्यातलं सगळ्यात नाट्यमय प्रकरण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीचं. जंगल मागे हटलं, गवत पसरलं. पाला खाणारे कमी होत गेले, चरणाऱ्यांचे दिवस आले, आणि शिवापिथेकस हा ओरांगउटान या बिनशेपटीच्या मोठ्या वानराचा नातलग त्याआधीच, साधारण ८५ लाख वर्षांपूर्वी, तिथून गायब. बरेच लोक याचं सगळं श्रेय हिमालय आणि मान्सूनला देतात, मला ते अर्धंच पटतं, कारण साधारण त्याच सुमारास आफ्रिकेत आणि अमेरिकेतही गवत पसरलंय, तिथे कुठला हिमालय?

आणि इथेच खरी मेख आहे. डोंगर वर आला की दऱ्या पडतात, एकाच जातीचे प्राणी वेगवेगळ्या बाजूला अडकतात, उंचीप्रमाणे हवा बदलते, नवनव्या जाती होतात. पण डोंगर झिजतो, त्याच्या अंगावर गाळ टिकत नाही, म्हणजे जिथे जाती तयार होतात तिथेच त्यांची नोंद पुसली जाते, आणि शिवालिकमध्ये आपण वाचतो ती मुख्यतः पायथ्याच्या सपाटीची कहाणी. अपवाद कुठे, तर जिथे डोंगरातच खोलगट जागा सापडली तिथे. तिबेटात झांडा म्हणून असं एक खोरं आहे, तिथे ३७ लाख वर्षांपूर्वीचा केसाळ गेंडा मिळाला, २०११ मध्ये त्याची बातमी होती. म्हणून कोणी आलेख दाखवून म्हटलं की बघा, अमुक काळात प्राण्यांच्या जाती दुप्पट झाल्या, तर आधी विचारायचं की त्या काळातला गाळ किती शिल्लक आहे आणि हाडं किती उचललीत. जास्त हाडं उचलली की जाती जास्त दिसणारच, साधा हिशोब आहे.

आपल्या पठाराचं तेच झालंय. लाव्हा थांबला, मग सहा कोटी वर्षं नुसती झीज, सस्तन प्राण्यांच्या नावाने जवळपास कोरं पान. आणि मग एकदम अलीकडे, गेल्या काही लाख वर्षांत, नद्यांनी काठाला गाळ रचला आणि हाडं पुन्हा दिसायला लागली. गोदावरीच्या काठच्या थरांत हत्ती आणि मोठ्या शिंगांचे जंगली बैल मिळालेत, नर्मदेच्या गाळात तर पाणघोडेसुद्धा, हो, भारतात पाणघोडे होते! पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी या नदीकाठच्या हाडांवर कितीतरी वर्षं काम केलंय.

तेव्हा नदीकाठी राहणाऱ्या मंडळींना एक विनंती. दरड कोसळली, विहीर खणली, वाळू उपसली आणि हाडाच्या आकाराचा पण हाताला दगडासारखा जड तुकडा दिसला, तर तो लगेच उपटून घरी नेऊन घासत बसू नका. जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन नाहीतर पट्टी ठेवून, वरून कितव्या थरात आहे ते लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना कळवा, कारण थरातून सुटलेलं हाड कुठल्या काळातलं हे मग सांगणं फार अवघड होऊन बसतं.