आनंदीबाईंच्या छायाचित्राखालची ओळ

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या छायाचित्राविषयी बोलायचे आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी त्यात दिसतात: डावीकडे साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि उजवीकडे दमास्कसच्या सबात इस्लामबुली. तारीख १० ऑक्टोबर १८८५.

चित्राखालच्या छापील ओळीत तिघींच्याही नावांमागे ‘डॉक्टर’ लावलेले आहे. परंतु आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे चित्र टिपले गेले त्या दिवशी तिघीही विद्यार्थिनीच होत्या. तेव्हा चित्र हे एक साधन आणि त्याखालची ओळ हे दुसरे साधन, असे मानून दोघांची तपासणी वेगवेगळी करावी लागते.

त्या ओळीतील चुकाही मला फार मोलाच्या वाटतात. सबातचे तिथे ‘तबात’ झाले आहे, आणि आनंदीबाईंचे गाव ‘सेरानिसोर’ असे छापले आहे. या नावाचे गाव कुठले? आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीत बंगालमधील श्रीरामपूरला होते आणि इंग्रज त्या गावाला ‘सेरामपोर’ म्हणत. हे नाव रोमन लिपीत घाईने लिहून पाहा. ‘एम’ हे अक्षर ‘एन’ आणि ‘आय’ असे सुटे वाचले जाते, ‘पी’चा ‘एस’ होतो. छापणाऱ्यासमोर हाताने लिहिलेली चिठ्ठी असावी आणि ते गाव त्याच्या ऐकिवातही नसावे, असा माझा तर्क आहे.

रंगांच्या बाबतीतही जपून राहावे लागते. त्या काळी छायाचित्र टिपण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या काचांवर निळा रंग फिकट उमटे आणि तांबडा जवळजवळ काळा; म्हणून गडद दिसणारी साडी काळीच होती असे म्हणता येत नाही.

आनंदीबाईंच्या चेहऱ्यावर आजाराची छाया शोधणारे पुष्कळ जण मला भेटतात. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या, हे आपल्याला ठाऊक असते, आणि ते दुःख आपण नकळत चित्रात नेऊन ठेवतो. त्या शनिवारी मात्र कॅमेऱ्यासमोर वीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती, आणि तिची पदवी अजून पाच महिने दूर होती.